एसीसी बंद पडलं म्हणून लगेच रडार बदलू नका भो: पुढच्या गाडीचं अंतर मोजणारा सेन्सर क्रमाने कसा तपासायचा

राम राम मंडळी. पारोळ्याला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे. आधी सेल्फ, डायनामो, हॉर्न आणि ट्रॅक्टरचे लाइट एवढंच असायचं, आता एडासवाल्या, म्हणजे रडार-कॅमेऱ्याने चालवणाऱ्याला मदत करणाऱ्या, गाड्या पण यायला लागल्यात आणि त्यातली निम्मी तक्रार एकच, एसीसी (पुढच्या गाडीपासून अंतर राखून वेग आपोआप कमी-जास्त करणारं क्रूझ) चालत नाही, डॅशवर पिवळा दिवा आलाय, आणि कुठेतरी दाखवलं तर थेट सेन्सर बदलायला सांगितलाय.

मागच्या पावसाळ्यात एरंडोलकडचे एक तात्या आले. गाडीतून उतरले आणि म्हणाले, "भो, हाई गाडी मनं आयकत नही." डॅशवर मेसेज होता की पुढचा रडार झाकला गेलाय. त्यांनी कव्हर तीनदा शाम्पूने धुतलं होतं, कापडाने चकाचक पुसलं होतं, मेसेज काही जाईना, आणि एका ठिकाणी नवीन रडारचं एस्टिमेट मिळालं होतं ज्यात एक चांगली म्हैस आली असती. मी खालची ग्रिल काढली तर कव्हरच्या आतल्या बाजूला, म्हणजे रडार आणि कव्हरच्या मधल्या फटीत, काळ्या मातीचा बोटभर चिखल बसलेला. शेतातून गाडी काढताना खालून उडालेला तो. बाहेरून कितीही पुसा, आतला कसा निघणार. ओल्या कापडाने काढला, सुकवलं, चावी फिरवली, दोन किलोमीटर चालवली आणि मेसेज गेला. तात्यांनी चहा पाजला, मजुरी द्यायला मात्र जरा कुरकुर केली, कारण "बदललं तर काहीच नाही ना".

तर हे सगळं एकदा नीट लिहून काढतो, ज्या क्रमाने मी तपासतो त्याच क्रमाने. सेन्सर स्वतः मेलेला असणं हे माझ्या यादीत सगळ्यात शेवटी येतं, आणि तुमच्याही यादीत तिथेच ठेवा.

आधी गाडीत नेमकं काय बसवलंय ते बघा

बंपरवर जे गोल बटणासारखे टिपके असतात ते पार्किंग सेन्सर, ते आवाजाच्या लहरींवर चालतात आणि दोन-चार मीटरच्या पुढे त्यांना काही कळत नाही. एसीसीशी त्यांचा संबंध नाही. एका भाऊने चारही पार्किंग सेन्सर बदलून आणले होते एसीसीसाठी, काय बोलायचं आता.

एसीसीचं अंतर मोजतो तो रडार. हाताच्या पंजाएवढा चपटा डबा असतो, खालच्या ग्रिलमध्ये, लोगोच्या मागे नाहीतर बंपरच्या प्लॅस्टिकमागे लपवलेला. साधारण ७७ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी सोडतो, त्या पुढच्या गाडीला आपटून परत येतात, परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर आणि लहरीत पडलेल्या फरकावरून पुढच्या गाडीचा वेग कळतो. ५० मीटरवरच्या गाडीला जाऊन परत यायला लहरीला सेकंदाचा तीस लाखावा भाग लागतो. एवढं बारीक मोजणारी वस्तू आहे म्हटल्यावर तिच्यासमोर काय लटकतंय आणि ती किती वाकडी बसलीय याने फरक पडणारच.

त्याच्या जोडीला आरशामागे काचेला चिकटलेला कॅमेरा असतो, तो लेन आणि गाडीचा आकार ओळखतो. बऱ्याच गाड्यांत दोघं मिळून निर्णय घेतात, म्हणून कॅमेरा आंधळा झाला तरी एसीसी बंद पडतं आणि बिचाऱ्या रडारवर आळ येतो. आणि सगळ्याच गाड्यांत रडार असतो असं पण नाही, होंडा सिटी आणि एलिव्हेटमध्ये हे काम फक्त कॅमेरा करतो. अशा गाडीचा बंपर खोलून रडार शोधत बसू नका. मॅन्युअलमध्ये चित्र असतं, ते आधी बघा.

मग वहीत लिहा, खरंच लिहा

गिऱ्हाईक आलं की मी पाना उचलत नाही, प्रश्न विचारतो. मेसेज शब्दशः काय होता, फोटो आहे का? कधी येतो, पावसात, सकाळच्या दवात, भर दुपारी की कायम? चावी बंद करून परत चालू केली की जातो का? साधं क्रूझ (नुसता ठरवलेला वेग धरून ठेवणारं) चालतं का? आपोआप ब्रेक लागणारी सिस्टिम पण बंद दाखवते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याच्या आधीच्या महिनाभरात गाडीला काय काय केलं: ठोकली, बंपर रंगवला, काच बदलली, व्हील अलाइनमेंट केलं, गार्ड लावला, बॅटरी बदलली, धुतली.

या उत्तरांतच अर्धं निदान असतं. पावसात येतो आणि उन्हात जातो, तर समोर पाणी-चिखल आहे. कायमचा आलाय आणि आपोआप ब्रेकवाली सिस्टिमसुद्धा गेली, तर वायरिंग, फ्यूज नाहीतर सेन्सर. मेसेज नाहीच पण गाडी बाजूच्या लेनमधला ट्रक बघून ब्रेक मारते, तर रडार वाकडा आहे. एसीसीसोबत साधं क्रूझ पण गेलं, तर रडार सोडा, ब्रेक लाइटचा स्विच आधी बघा, तो अडकला की गाडीला वाटतं तुम्ही सारखा ब्रेक दाबून ठेवलाय. एबीएसचा चाकाचा सेन्सर, स्टिअरिंग अँगल सेन्सर, बंद करून ठेवलेली ईएसपी (गाडी घसरू न देणारी सिस्टिम), न लावलेला सीटबेल्ट, यातलं काहीही असलं तरी एसीसी चालू होत नाही. म्हणून डॅशवर एबीएसचा दिवा पण असेल तर आधी तो विझवा.

फॉल्ट आहे की गाडीचा स्वभाव आहे

हा भाग लोक सोडून देतात आणि मग पैसे घालवतात. हायवेच्या वेगात असताना समोर एकदम थांबलेलं वाहन आलं तर बऱ्याच एसीसी सिस्टिम त्यावर ब्रेक मारत नाहीत, कारण रस्त्याकडेचे खांब, रेलिंग, बोर्ड पण थांबलेलेच असतात, सगळ्यांना धरलं तर गाडी चालायचीच नाही. लेनच्या एका कडेने जाणारी मोटारसायकल सुटू शकते. आणि आपल्याकडची खरी पंचाईत म्हणजे बैलगाडी आणि कापसाची ट्रॉली. लाकूड आणि कापूस यांच्यावरून लहरी लोखंडासारख्या परत येत नाहीत, त्यात ट्रॉलीच्या बाहेर फुगलेला कापूस, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, कॅमेऱ्यालाही ती गाडीसारखी दिसत नाही. सीझनला धुळे-जळगाव रोडला संध्याकाळी एसीसी लावून निवांत बसू नका, सेन्सर ठणठणीत असला तरी.

कन्नड घाटासारख्या वळणांवर पुढची गाडी रडारच्या नजरेतून बाजूला सरकते आणि आपली गाडी "रस्ता मोकळा" समजून पळायला लागते. रेल्वेच्या लोखंडी पुलाखाली किंवा मोठ्या बोर्डाखाली एखाद्यावेळी उगाच ब्रेक लागणं पण होतं. कधीमधी झालं तर स्वभाव, रोज एकाच जागी व्हायला लागलं तर रडार वर बघतोय का ते तपासा, ते पुढे येतंच.

डोळ्याने तपासणी, इथे घाई नको

गाडी सावलीत लावा, टॉर्च घ्या, खाली बसा. रडारसमोर काय काय आहे ते बघायचं.

लिंबू-मिरची. हसू नका. शनिवारी नवीन लिंबू-मिरची नेमकी मधल्या ग्रिलला बांधतात, तिथेच मागे रडार. ताजं लिंबू म्हणजे पाण्याचा गोळा, आणि पाणी या लहरी गिळतं आणि थोड्या परत फेकतं. वाऱ्याने हलणारं काहीतरी नाकासमोर सतत असलं की रडार गोंधळतो. दसऱ्याचा झेंडूचा हार पण तसाच, पूजा झाली की काढा. नजर लागू नये म्हणून बांधायचंच असेल तर बाजूला बांधा, देव समजून घेईल.

मग नंबरप्लेट. मोठी फ्रेम लावली, प्लेट एक बोट खाली सरकली आणि रडारच्या कडेवर आली, असं मी बघितलंय. लोगोवर चिकटवलेला चकाकणारा स्टिकर, क्रोमची पट्टी, बाजारातली जाळीदार ग्रिल, हे सगळं काढून मगच पुढे जायचं. पुढचा लोखंडी गार्ड असेल तर बोलायलाच नको, केंद्राने २०१७ च्या डिसेंबरात असल्या गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं होतं, तरी लोक लावतात. लोगोमागे रडार असेल तर तो लोगो पण खास असतो, लहरी आरपार जाव्यात असा बनवलेला. तुटला म्हणून दुकानातून दोनशे रुपयांचा साधा लोगो आणून लावला की झालं काम तमाम.

पुढचं, रंग. लहरीची लांबी जेमतेम ४ मिलिमीटर आहे, म्हणून तिच्यासमोर प्लॅस्टिकची आणि रंगाची जाडी थोडी जरी बदलली तरी फरक पडतो. बंपर घासला, पेंटरने वरून लांबी (पुट्टी) भरली, दोनाचे चार हात मारले, त्यात मेटॅलिक रंग म्हणजे धातूची भुकटी. बाहेरून नव्यासारखा दिसतो आणि रडारला समोर भिंत दिसते. बोटाने ठोकून बघा, लांबी भरलेल्या जागी आवाज भरीव येतो. रडारसमोरच्या भागात लांबी असेल तर त्याला इलाज नाही, बंपर किंवा तेवढं कव्हर बदलायचं. कंपनीवाले त्या भागात रिपेअर नको म्हणतात ते उगाच नाही.

साफ करताना साधं पाणी, थोडा शाम्पू, मऊ कापड. रॉकेल, थिनर, वायर ब्रश नको. प्रेशर वॉशरची नळी जवळून रडारवर मारू नका, कपलरमध्ये (वायरी जोडायच्या सॉकेटमध्ये) पाणी जातं. तात्यांच्या गाडीसारखं कव्हरच्या मागून पण बघा. नुसती कोरडी धूळ फारसा त्रास देत नाही, चिखल ओला असला की देतो, कारण तेच, पाणी.

काचेचं पण बघा. आरशासमोरच्या भागात आतून धुरकट थर, वायपरचे ओरखडे, वरून लावलेली फिल्म. काच बदलली असेल आणि कॅमेरा कॅलिब्रेट केला नसेल, म्हणजे त्याची नजर परत जुळवून घेतली नसेल, तर तिथेच थांबा, फॉल्ट सापडला.

आणि उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, उन्हात उभ्या गाडीची काच आणि बंपर त्याहून तापतात. दुपारी दोनला गाडी काढली आणि "सध्या उपलब्ध नाही" आलं, अर्ध्या तासाने एसी लागल्यावर गेलं, तर तो कॅमेरा किंवा रडार तापून स्वतःला वाचवतोय. सावलीत लावा, खर्च शून्य.

बॅटरी, फ्यूज, मग स्कॅनर

रात्रभर उभी गाडी, सकाळी बॅटरीवर १२.४ ते १२.७ व्होल्ट पाहिजे. स्टार्ट मारताना ९.६ च्या खाली जायला नको. चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.५, नवीन गाड्यांत चार्जिंग कमी-जास्त होत राहतं ते चालतं. बॅटरी थकलेली असली की स्टार्टच्या वेळी रडारला करंट कमी पडतो, तो कोड (बिघाडाचा नोंदवलेला नंबर) टाकून बसतो आणि सगळे सेन्सरमागे लागतात. फ्यूज डोळ्याने बघून ठरवू नका, मल्टिमीटरने दोन्ही टोकांना करंट आहे का बघा.

स्कॅनरचं सांगतो. ऑनलाइन मिळणारा तो छोटा ईएलएम ३२७ वाला ब्लूटूथ डबा बहुतेक वेळा इंजिनचेच कोड वाचतो, "नो फॉल्ट" दाखवतो आणि तुम्ही खुश होता. रडारचं मॉड्यूल (स्वतःचा कंट्रोल डबा) वेगळं आहे, सगळी मॉड्यूल वाचणारा स्कॅनर पाहिजे. तुमच्याकडे नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून पूर्ण स्कॅन करून घ्या आणि कोड मिटवण्याआधी फोटो काढा. हे मी हात जोडून सांगतो, कारण कोड मिटवून मग माझ्याकडे आणलेली गाडी म्हणजे औषध देऊन ताप उतरवून डॉक्टरकडे नेलेलं पोरगं.

कोड वाचायची एक खुबी आहे. यू ०२३५ असेल तर त्याचा अर्थ, पुढच्या अंतराच्या सेन्सरशी बोलणं तुटलं. हा कोड रडार टाकत नाही, दुसरं मॉड्यूल टाकतं, "तो उत्तर देत नाही" म्हणून. म्हणजे इथे वायरिंग-फ्यूज आधी. सी ने सुरू होणारे कोड कंपनीगणिक बदलतात, पण बऱ्याच गाड्यांत कोडच्या शेवटी डॅशनंतर दोन आकडे असतात ते ठरलेले आहेत आणि खरी गोष्ट तिथेच लिहिलेली असते. ५४ म्हणजे कॅलिब्रेशन झालेलंच नाही. ७८ म्हणजे अँगल चुकलाय. ९७ म्हणजे समोर काहीतरी आडवं आलंय. ९८ म्हणजे तापलाय. १६ म्हणजे व्होल्टेज कमी, ८७ म्हणजे मेसेज येत नाही. ९७ वर रडार बदलायला सांगणाऱ्याला विचारा, भाऊ समोरचा चिखल काढला का आधी.

कोडसोबत त्या वेळचं किलोमीटर, वेग, व्होल्टेज पण साठवलेलं असतं, ते वाचा. एकाच्या गाडीत कोड पडला तेव्हाचं किलोमीटर आणि बंपर रंगवल्याच्या बिलावरचं किलोमीटर यांच्यात फक्त ११ चा फरक होता. पुढे काही विचारायची गरजच राहिली नाही.

वायरिंग, आणि उंदीरमामा

रडार उत्तरच देत नसेल तर कपलर काढायचा. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, मग कपलर, आत हिरवा थर, पाणी, मागे सरकलेली पिन आहे का बघा.

गेल्या हिवाळ्यात जिनिंगवाल्या एका शेठची गाडी आली, यू ०२३५. बंपर खोलला तर हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) मागे कापसाचं मस्त घरटं, त्यात सरकीची टरफलं, आणि दोन पिळलेल्या वायरींपैकी एक सोललेली, दुसरी अर्धी कुरतडलेली. शेठला म्हटलं तुमचाच कापूस तुमच्याच गाडीत भरलाय. आपल्याकडे घराघरात कापूस-धान्य, त्यामुळे हा प्रकार भयंकर कॉमन आहे. वायर सोल्डर करून श्रिंक स्लीव्ह चढवली, पीळ होता तसाच ठेवला, काम झालं.

तो पीळ महत्त्वाचा आहे. ही कॅनची, म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी बोलतात त्या लाइनची जोडी, हाय आणि लो. बॅटरी काढून पाच-दहा मिनिटं थांबा आणि या दोघींमध्ये ओहम मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर असतो म्हणून मधे साधारण ६० आलं पाहिजे. शून्याच्या जवळ आलं तर दोन वायरी एकमेकीला लागल्यात. १२० आलं तर एक टोक तुटलंय, पण थांबा, काही गाड्यांत रडार आणि कॅमेऱ्याची स्वतंत्र लाइन असते आणि एक रेझिस्टर रडारच्याच पोटात असतो, तिथे कपलर काढल्यावर १२० येणं बरोबरच आहे. वायरिंगचा नकाशा बघितल्याशिवाय निष्कर्ष नको. बॅटरी परत जोडून चावी चालू केल्यावर दोन्ही वायरींवर २.५ व्होल्टच्या आसपास दिसतं, हाय किंचित वर, लो किंचित खाली. एकीवर सरळ शून्य किंवा १२ आलं तर ती कुठेतरी अर्थला (बॉडीला) नाहीतर करंटला लागलीय.

करंट आणि अर्थ तपासायला मी नुसत्या मीटरवर विश्वास ठेवत नाही. अर्धी कुरतडलेली वायर पण मीटरवर १२ व्होल्ट दाखवते, ओझं टाकलं की झोपते. म्हणून कपलर काढून सप्लाय आणि अर्थच्या पिनांवर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावायचा. झगझगीत पेटला तर दोन्ही ठीक. मिणमिणला तर बल्ब पेटता ठेवून बॅटरीची निगेटिव्ह आणि कपलरची अर्थ पिन यांच्यात व्होल्ट मोजा, ०.१ च्या वर गेलं तर अर्थ खराब, बॉडीवरचा बोल्ट काढून घासून कसा. कॅनच्या वायरींवर बल्ब चुकूनही लावायचा नाही. पिनांमध्ये टाचणी खुपसून त्या रुंद करू नका, नंतर त्याच पिना त्रास देतात. गाडी वॉरंटीत असेल तर हे सगळं वाचा आणि सोडून द्या, वायरीला हात लावू नका, कंपनीला करू द्या.

वाकडा रडार, सगळ्यात फसवा प्रकार

याचा मेसेज कधी येतो, कधी येतच नाही. हिशोब बघा: रडार १ अंश आडवा फिरला की १०० मीटरवर त्याची नजर १.७५ मीटर सरकते. २ अंश फिरला की ३.५ मीटर, आपल्या हायवेची लेन तेवढीच असते, म्हणजे गाडी तुमच्या लेनमध्ये आणि रडार शेजारच्या लेनमध्ये. आणि दहा सेंटिमीटर रुंदीच्या डब्याला २ अंश फिरवायला एका बाजूला साडेतीन मिलिमीटरचा फरक पुरतो, म्हणजे एक-दोन वॉशर.

वॉशर मी हवेतून नाही बोलत. एक गाडी आली, बंपर बदललेला, तक्रार अशी की डाव्या बाजूने केळीचा ट्रक चालला की गाडी स्वतः हळू होते आणि समोरच्या गाडीजवळ जाताना उशिरा धरते. कोड काही नाही. रडारचं ब्रॅकेट बघितलं तर प्लॅस्टिकचं एक कान तुटलेलं आणि कोणीतरी हुशारी करून जुन्या ट्यूबचा तुकडा कापून तिथे वॉशरसारखा घातलेला. घट्ट बसला होता हो, हलत नव्हता अजिबात. फक्त बघत होता दुसरीकडे.

घरी एवढं करता येतं: टायरची हवा सारखी करा, डिक्की रिकामी करा, गाडी सपाट फरशीवर लावा. ब्रॅकेटचे कान, स्क्रू, क्लिपा बघा, हाताने हलकं हलवून ढिला आहे का बघा. रडारच्या समोरच्या पृष्ठभागावर छोटी पाणसळ धरून उभा कोन बघा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या कोनाशी ताडा, काही रडार मुद्दाम थोडे कलते बसवलेले असतात, म्हणून सरळ दिसला म्हणजे बरोबर असं नाही. चांगल्या स्कॅनरवर लाइव्ह डेटात रडारने स्वतः काढलेला आडवा-उभा चुकीचा कोन दिसतो, तो लिहून घ्या. लग्नसराईत सात माणसं आणि डिक्कीत भांडी भरली की मागचं दबतं, नाक वर जातं, रडार आभाळ बघायला लागतो, त्यामुळे तेवढ्या दिवसापुरती तक्रार असेल तर खोलाखोली नको.

रस्त्यावर तपासायचं असेल तर दोन माणसं, दोन गाड्या, पहाटेची वेळ, चौपदरीचा सरळ पट्टा. ओळखीची गाडी पुढे साधारण ३० मीटरवर ठेवा, चालवणाऱ्याने फक्त रस्ता बघायचा, बाजूच्याने स्कॅनरवर अंतराचा आकडा बघायचा. आकडा सारखा गायब होतो का, पुढची गाडी लेन बदलून गेल्यावर पण चिकटून राहतो का, शेजारच्या लेनमधलं वाहन धरतो का. पाय ब्रेकवर तयार. उभ्या गाडीवर नेऊन "बघू थांबते का" हा प्रयोग कोणी करायचा नाही. मोबाइलवर रील काढायला तर मुळीच नाही.

कॅलिब्रेशन, आणि शेवटी सेन्सर

ब्रॅकेट बदललं, बंपर काढून बसवला, रडार हलवला, की कॅलिब्रेशन लागतं. आधी व्हील अलाइनमेंट, कारण रडार गाडीच्या खऱ्या चालीच्या रेषेला जुळवायचा असतो, मागची चाकं तिरकी असतील तर सगळंच तिरकं. मग काही गाड्यांना सपाट जागेत ठराविक अंतरावर धातूचं टार्गेट उभं करून करतात, काहींना स्कॅनर लावून ठराविक वेगाने सरळ रस्त्यावर चालवावं लागतं, काहींना दोन्ही. हे अंदाजाने, दोरीने, भिंतीवर खडूने खूण करून होत नाही. आमच्या दुकानाची फरशी सपाट नाही म्हणून मी हे काम घेत नाही, जळगावला नाहीतर नाशिकला पाठवतो, आणि ज्याची फरशी माझ्यासारखी आहे आणि तरी तो घेतो त्याच्याकडे जाऊ नका.

आता सेन्सर खराब कधी म्हणायचा? समोर स्वच्छ आहे, बल्ब झगझगीत पेटतो, कॅन बरोबर आहे, ब्रॅकेट सरळ आहे, सॉफ्टवेअर अपडेट बघून झालं, आणि तरी रडार उत्तर देत नाही किंवा स्वतःचा अंतर्गत बिघाडाचा कोड मिटवल्याबरोबर परत टाकतो. किंवा डब्याला तडा गेलाय, आत पाणी दिसतंय. तो सीलबंद असतो, खोलून सुकवून परत चिकटवायचा खटाटोप करू नका.

भंगारातून जुना आणायचा विचार येतोच, किंमत बघून मलाही येतो. पण पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे, तो गाडीला कोडिंग करावा लागतो, काही कंपन्यांचा दुसऱ्या गाडीचा रडार स्वीकारलाच जात नाही, आणि जी गाडी पुढून ठोकली म्हणून भंगारात गेली तिचाच रडार तुम्ही घेताय हे पण लक्षात घ्या. अपघातामुळे गेला असेल तर इन्शुरन्सच्या सर्व्हेच्या वेळीच रडार, ब्रॅकेट आणि कॅलिब्रेशन तिन्ही एस्टिमेटमध्ये लिहून घ्या, नंतर कॅलिब्रेशन "राहूनच गेलं" होतं.

गाडी परत घेताना कॅलिब्रेशनच्या आधीचा आणि नंतरचा स्कॅनरचा रिपोर्ट मागायचा, त्यात तारीख, किलोमीटर आणि पास झाल्याचं असलं पाहिजे. ट्यूबच्या वॉशरवाल्या गाडीला शेवटी लागलं काय, तर एक ब्रॅकेट, चार क्लिपा आणि कॅलिब्रेशन. रडार तोच जुना. मालक तो रिपोर्ट घडी करून गाडीच्या कागदपत्रांत पीयूसीच्या मागे ठेवतात, आणि तो ट्यूबचा तुकडा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, नवीन पोरगं कामाला लागलं की आधी तेच दाखवतो.